‘पॉश’ खरंच बोटीच्या तिकिटावरून आला का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसात पॉश कायद्याचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्याचं, प्रशिक्षण झालं. प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच एक गंमत सांगितली, की ‘पॉश’ हा इंग्रजी शब्द म्हणजे मुळात ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (निघताना जहाजाची डावी बाजू, मायदेशी परतताना उजवी) आद्याक्षरं. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या आगबोटींत बड्या साहेबांच्या तिकिटांवर म्हणे पी-ओ-एस-एच असा शिक्का मारत. घरी तुम्ही हे सांगितलंत, तर काकांनी ते उडवून लावलं आणि ‘अरे, पॉश म्हणजे आपला पोशाख’ असं ठणकावलं. त्यात इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला शिकणाऱ्या तुमच्या मुलीनं घरमालकिणीला ‘तुमचं घर किती पॉश आहे!’ असं कौतुकानं म्हटलं आणि बाई गप्पच झाल्या. खरं कोणाचं, आणि मुलीचं चुकलं कुठे, असं तुम्ही विचारताय.

इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ‘पॉश’ची बोटीची गोष्ट मला कोणी ना कोणी दरवर्षी ऐकवतं. म्हणून निकाल आधी सांगतो. प्रशिक्षकांची गोष्ट टिकत नाही. काकांची गोष्ट अशक्य नाही, पण ती सिद्ध झालेली नाही. मुलीचं व्याकरण बरोबर होतं, शब्दही बरोबर होता, फक्त तो मराठी ‘पॉश’ होता. आता हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण इथे निकालापेक्षा तपासण्याची रीत जास्त उपयोगाची आहे.

एखाद्या शब्दाच्या जन्माची गोष्ट समोर आली की ती किती छान आहे हे मी बघत नाही. आधी तारखा बघतो. शब्द लेखी स्वरूपात पहिल्यांदा कधी दिसतो? ती गोष्ट पहिल्यांदा कधी दिसते? दोन्हींमध्ये अंतर किती? मग अर्थ बघतो: जुना अर्थ आणि आजचा अर्थ यांच्यामध्ये चालत जाता येईल असा रस्ता आहे का, की मध्येच उडी मारावी लागते? आणि शेवटी, शब्द सुरुवातीला कोणाच्या तोंडी होता ते बघतो. खलाशी, चोर, शिपाई, कारकून, प्रत्येकाची बोली वेगळी असते आणि शब्दाला त्या बोलीचा वास लागलेला असतो.

‘झोकदार, उंची’ या अर्थाचा ‘पॉश’ लेखी सापडतो तो १९१४ सालापासून. त्या वर्षी ब्रिटिश सैन्यातल्या रोजच्या आयुष्यावर एक पुस्तक निघालं. त्यात लेखक सांगतो, की पायदळातल्या शिपायापेक्षा घोडदळातला शिपाई संधी मिळेल तेव्हा ‘पॉश’ कपडे घालतो. आणि लगेच अर्थही देतो, की सरकारी गणवेशाच्या नियमात न बसणारे, वरच्या दर्जाचे कपडे म्हणजे पॉश. लेखकाला अर्थ फोडून सांगावा लागतोय, हे लक्षात घ्या. म्हणजे शब्द बराकीत रुळलेला होता, पण घरी बसलेल्या वाचकाला तो ठाऊक असेल अशी लेखकाला खात्री नव्हती. मग सप्टेंबर १९१८ मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र येतं. नुकत्याच स्थापन झालेल्या हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतोय, की तिकडे आमचा वेळ अगदी पॉश गेला. चार वर्षांत शब्द बराकीतून दिवाणखान्यात आला. महायुद्धात असे बरेच शब्द आले. तऱ्हेतऱ्हेची माणसं एका खंदकात बसली की एकमेकांची बोली उचलतातच.

आता बोटीच्या गोष्टीची तारीख. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ हे स्पष्टीकरण छापील स्वरूपात दिसतं ते १९३५ च्या सुमारास. शब्द आधी चांगला वीस वर्षं वापरात होता, तेव्हा एकाही माणसाने ही गोष्ट लिहिली नाही. ज्या शिक्क्यावरून शब्द पडला म्हणतात, तो शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुठल्या संग्रहात मिळालेलं नाही. ज्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींबद्दल हे सांगतात, तिच्या जुन्या कागदपत्रांतही अशा शिक्क्याचा पुरावा निघालेला नाही. ही काही आडबाजूची कंपनी नव्हे. १८३७ मध्ये सुरू झालेली, पूर्वेकडची टपाल वाहतूक तिच्याकडे, तिच्या कागदपत्रांचे ढीगच्या ढीग जपलेले. सावरकरांनी जुलै १९१० मध्ये मार्सेयच्या बंदरात जिच्यातून उडी मारली ती ‘मोरिया’ याच कंपनीची. एवढ्या बोटी, इतक्या फेऱ्या, लाखो तिकिटं, आणि शिक्का एकाही तिकिटावर नाही? ‘माझ्या पणजोबांच्या ट्रंकेत होतं’ असं सांगणारे मला भेटलेत. फोटो पाठवा म्हटलं की ट्रंक गावी असते.

तरीही ही गोष्ट इतकी तगून का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तिच्यात तथ्याचा एक कण आहे. बोटीचा मार्ग बघा: इंग्लंड, जिब्राल्टर, मार्सेय, पोर्ट सैद, सुएझ, तांबडा समुद्र, एडन आणि मग अरबी समुद्र ओलांडून मुंबई. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी. तांबड्या समुद्रात जहाज साधारण दक्षिण-आग्नेयेला जातं. तेव्हा डाव्या बाजूला सकाळचं ऊन लागतं आणि उजव्या बाजूला दुपारनंतरचं. लोखंडी भिंतींची केबिन, वातानुकूलन नाही, बाहेर अरबस्तान. दुपारचं ऊन खाल्लेली केबिन रात्रीपर्यंत भट्टीसारखी राहणार. म्हणून येताना डावी बाजू बरी आणि परतताना, जहाजाचं तोंड फिरल्यामुळे, उजवी बाजू बरी. इथपर्यंत गणित जुळतं.

पुढे मात्र ते मोसमावर अवलंबून आहे. एडनहून मुंबईकडे जहाज पूर्व-ईशान्येला येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे उजव्या हाताला, तेव्हा डावी बाजू सावलीत. पण जूनमध्ये सूर्य साडेतेवीस अंश उत्तरेपर्यंत चढलेला असतो आणि एडन तेरा अंशांवर, मुंबई एकोणीस अंशांवर. म्हणजे भर दुपारी सूर्य जहाजाच्या उत्तरेला, डाव्या बाजूला! तेव्हा ‘पोर्ट आउट’वाल्या साहेबाने पैसे मोजून ऊन विकत घेतलं असतं. शिवाय पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा येताना उजव्या बाजूवर आदळणार आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा डाव्या बाजूने येणार. कोणाला वारा हवा असतो, कोणाला पोटातली ढवळाढवळ नको असते. साहेब लोक बहुधा थंडीच्या तोंडावर यायचे आणि उन्हाळा तापायच्या आत परतायचे, म्हणून ‘जाताना ही बाजू, येताना ती बाजू’ असा सल्ला जाणती माणसं एकमेकांना देत असतील, यात मला काहीच नवल वाटत नाही. पण सल्ला खरा असणं वेगळं आणि त्या सल्ल्याच्या आद्याक्षरांचा शब्द होणं वेगळं. गोष्ट सांगणारे पहिल्याचा पुरावा देतात आणि दुसरं पदरात पाडून घेतात.

जाता जाता एक गंमत. डाव्या बाजूला इंग्रज खलाशी पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात ‘लारबोर्ड’ आणि ‘स्टारबोर्ड’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून ‘पोर्ट’ पक्कं केलं. हा हुकूम निघाला नसता तर गोष्ट रचणाऱ्यांची पंचाईत झाली असती. ‘लॉश’ हॉटेलात कोण जाईल?

गोष्टीच्या विरोधात आणखी एक मुद्दा आहे, आणि तो फक्त ‘पॉश’पुरता नाही. आद्याक्षरं जोडून सरळ शब्द म्हणून उच्चारायची सवय इंग्रजीत विसाव्या शतकाआधी जवळजवळ नव्हतीच. पहिल्या महायुद्धात ‘अँझॅक’ (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज) आला, दुसऱ्यात ‘रडार’, पुढे ‘लेझर’. अशा शब्दांसाठी ‘ॲक्रोनिम’ ही संज्ञाही १९४० च्या दशकात रुळली. म्हणून जुन्या शब्दाची फोड आद्याक्षरांनी करून दाखवली की माझी भुवई आपोआप वर जाते. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे तुम्हीही व्हॉट्सॲपवर वाचलं असेल. ते खोटं आहे. ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन, ‘नव्या गोष्टी’. ‘गोल्फ’ची फोड ‘फक्त पुरुषांसाठी, बायकांना मनाई’ अशी करतात, तीही खोटी. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये त्या खेळावर बंदी घातली तेव्हा तो शब्द त्यांच्या भाषेत नांदत होता. अपवाद एक ‘ओके’. तो मात्र खराच आद्याक्षरांचा. १८३९ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या एका दैनिकात तो छापला गेला. ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचं आणि त्याची आद्याक्षरं वापरायची, अशी तेव्हा तिथल्या पत्रकारांत फॅशन होती. पण तिथेही आपण आजपर्यंत ओ आणि के ही दोन अक्षरं सुटी उच्चारतो, ‘ओक’ म्हणत नाही. आणि त्याला तारीखवार छापील पुरावा आहे, ट्रंक उघडावी लागत नाही.

मग शब्द आला कुठून? सगळ्यात जास्त आधार आहे तो एका जुन्या चोरबोलीच्या शब्दाला. १८३० च्या आसपास लंडनमधल्या खटल्यांच्या नोंदींत ‘पॉश’ हा शब्द ‘पैसा’ या अर्थी आढळतो, विशेषतः अर्ध्या पेनीसारखं चिल्लर नाणं. १८९० च्या आसपास निघालेल्या एका बोलीकोशात त्याचे दोन अर्थ आहेत: एक पैसा, दुसरा छानछोकी करणारा माणूस, छैलछबिला. त्याच काळातल्या, १८९२ च्या एका विनोदी कादंबरीत एका ऐटबाज पात्राचं आडनावच पॉश आहे. लेखकांनी ते उगाच ठेवलं नसावं. आता ही पायवाट बघा: चिल्लर, मग पैसा, मग पैसेवाला ऐटबाज माणूस, मग ऐटबाज कपडे, मग उंची असं काहीही. मधल्या पायऱ्या फार लांब नाहीत. आपल्याकडेही ‘दमडी’ आणि ‘पैसा’ नाण्यांवरून संपत्तीपर्यंत पोचलेच आहेत.

आणि हा चिल्लरवाला ‘पॉश’ आला रोमानीतून, म्हणजे युरोपभर पसरलेल्या रोमा लोकांच्या भाषेतून. तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. रोमा लोकांचे पूर्वज भारतातून साधारण हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेले, आणि त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे. त्यांचं ‘पानी’ म्हणजे पाणी, ‘नाक’ म्हणजे नाक, ‘कान’ म्हणजे कान. इंग्रजीत मित्राला ‘पॅल’ म्हणतात तोही त्यांच्याकडून सतराव्या शतकात गेलेला. मूळ शब्द ‘प्राल’, म्हणजे भाऊ, संस्कृत ‘भ्रातृ’चा नातेवाईक. ‘अर्धा’ या अर्थाच्या रोमानी शब्दाचं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘पार्श्व’मध्ये, म्हणजे ‘बाजू, कूस’ यात बघतात. दोन कुशींपैकी एक म्हणजे अर्धं. त्याच ‘पार्श्व’पासून आपलं ‘पास’ आणि ‘पाशी’ आलं. ‘माझ्यापाशी पैसे नाहीत’ या वाक्यातलं ‘पाशी’ आणि लंडनच्या चोराच्या खिशातला ‘पॉश’ ही दूरची चुलत भावंडं ठरतात. तेव्हा काकांना सांगा, शब्दाचा गोतावळा भारतातला असण्याची शक्यता आहे, फक्त त्यांनी नेमलेल्या वाटेने नाही.

पण काकांची वाटही मी सोडून देणार नाही, कारण तिच्यात दम आहे. फारसीत ‘पोश’ म्हणजे पांघरणारा, घालणारा, झाकणारा. त्यावरूनच आपला ‘पोशाख’, ‘पलंगपोस’, ‘मेजपोश’, ‘नकाबपोश’. उर्दूत ‘सफेदपोश’ म्हणजे पांढरे स्वच्छ कपडे घालणारा, बऱ्या घरचा माणूस. ब्रिटिश शिपाई हिंदुस्थानी छावण्यांत वर्षानुवर्षं राहायचे आणि परतताना ओंजळभर शब्द घेऊन जायचे. ‘खाकी’ गेला, ‘पक्का’ गेला, पायाला गुंडाळायची ‘पट्टी’ गेली, ‘देखो’चं ‘डेको’ झालं, ‘खुशी’चं ‘कुशी’ होऊन त्याचा अर्थ आरामाची नोकरी असा झाला, आणि ‘विलायती’चं ‘ब्लायटी’ होऊन खंदकातल्या इंग्रज पोराला घराची आठवण करून देऊ लागलं. आता १९१४ ची नोंद पुन्हा आठवा. कोणाच्या तोंडी? घोडदळाच्या शिपायांच्या. कशाबद्दल? कपड्यांबद्दल. काकांच्या बाजूने यापेक्षा चांगली साक्ष मी देऊ शकत नाही.

मग मी त्यांच्या बाजूने निकाल का देत नाही? कारण मधला दुवा नाही. ‘खाकी’ किंवा ‘पक्का’ यांच्याबाबत हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या लेखनात शब्द आधी दिसतो, मग इंग्लंडात दिसतो. माग सलग लागतो. ‘मंगूस’चंच घ्या. आपल्या मराठी मुंगसाचं इंग्रजीत ‘मंगूस’ झालं, आणि कोशकारांनी ते बेलाशक मराठीच्या खात्यावर मांडलंय, कारण सतराव्या शतकापासून प्रवाशांनी तो शब्द लिहून ठेवलाय. हिंदुस्थानी इंग्रजीचा जो जाडजूड कोश १८८६ मध्ये लंडनला निघाला, त्यात असले शब्द गोणीने भरलेत. पलंगपोसाचा भाऊबंद ‘पलमपोर’ही त्यात आहे. पण ‘झोकदार’ या अर्थाचा ‘पॉश’ त्यात नाही. शिवाय फारसीत ‘पोश’ एकटा फिरत नाही, तो कोणाच्या तरी शेपटीला लागतो: सफेदपोश, नकाबपोश. नुसतं ‘पोश’ म्हणून ‘चांगले कपडे’ असं कोणी म्हणत नव्हतं. गोऱ्या शिपायाने शेपूट तोडून घेतली असं म्हणता येईल. शिपाई काहीही करतात. पण त्याची एखादी तरी जुनी नोंद हवी.

म्हणून मोठे इंग्रजी कोश ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहितात आणि चोरबोलीच्या ‘पॉश’कडे बोट दाखवून थांबतात. वाचकांना हे आवडत नाही, हे मला पत्रांवरून ठाऊक आहे. एवढा मोठा कोश आणि साधं एका शब्दाचं मूळ सांगता येत नाही? पण ‘अनिश्चित’ म्हणजे सगळ्या गोष्टींना सारखेच गुण, असं नव्हे. माझी उतरंड अशी: रोमानीतून आलेला पैसेवाला ‘पॉश’ सगळ्यात वर, काकांचा फारसी ‘पोश’ त्याच्या बऱ्याच खाली, आणि बोटीचं तिकीट यादीबाहेर.

आता मुलीचं प्रकरण. खरं म्हणजे तुमच्या घरासाठी हाच भाग कामाचा.

मराठीत आपण ‘पॉश’ वस्तूंना आणि जागांना लावतो. पॉश फ्लॅट, पॉश हॉटेल, ‘पॉश सोसायटीत घरफोडी’ असा बातमीचा मथळा. लग्नात कोणी सूट घालून आला की ‘काय पॉश दिसतोयस’. अर्थ आलिशान, चकाचक, झकास. त्यात टोमणा असलाच तर तो सुरात असतो, शब्दात नसतो. इंग्लंडात मात्र हा शब्द आधी माणसाच्या वर्गाबद्दल बोलतो. कुठल्या घरात जन्मला, कुठल्या शाळेत शिकला, तोंडातून स्वर कसे काढतो. एखाद्याच्या बोलण्याला तिथे ‘पॉश’ म्हणतात. मराठीत आपण असं बोलणं ‘शुद्ध’ किंवा ‘पुस्तकी’ म्हणू. आपला जवळचा शब्द शोधायचा तर ‘उच्चभ्रू’, आणि त्यातही ‘नाकं वर करून चालणारे’ ही छटा धरून. एप्रिल २०१२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या एका महिला खासदाराने पंतप्रधान डेव्हिड कॅमरन आणि अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांना दुधाचा भाव ठाऊक नसलेली दोन ‘पॉश’ पोरं म्हटलं, तेव्हा ते कौतुक नव्हतं. दोन दिवस वर्तमानपत्रांना तोंडी लावायला पुरेल असा तो फटका होता, कारण तिकडे हा शब्द राजकारणात जखम करतो.

आणखी एक खुबी. जे खरोखर वरच्या वर्गातले, ते सहसा स्वतःला पॉश म्हणवून घेत नाहीत, उलट त्यांना तो शब्दच थोडा खालच्या पायरीचा वाटतो. १९५४ मध्ये ॲलन रॉस या भाषातज्ज्ञाने इंग्लंडचा वरचा वर्ग कोणते शब्द वापरतो आणि बाकीचे कोणते, याचा अभ्यास मांडला, आणि पुढची कित्येक वर्षं मध्यमवर्गीय मंडळी आपण जेवणाच्या टेबलावरच्या रुमालाला काय म्हणतो याची धास्ती घेऊन बसली होती. त्या देशात शब्दावरून माणसाची पायरी ओळखायची सवय किती खोल आहे, हे त्यावरून कळतं. खालून वर बघणारा ‘पॉश’ म्हणतो, कधी कौतुकाने, कधी चिडून, कधी चेष्टेने. चेष्टेचा प्रकार प्रेमळही असतो. पीटरबरो युनायटेड या फुटबॉल संघाचं टोपणनाव कित्येक दशकं ‘द पॉश’ आहे. स्पाइस गर्ल्समधल्या व्हिक्टोरियाला १९९६ मध्ये एका संगीत मासिकाने ‘पॉश स्पाइस’ नाव दिलं. पुढे २००२ मध्ये संघाने त्या शब्दाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली तेव्हा बाईंनी हरकत घेतली. ज्या शब्दाचा बाप कोण ते ठरत नाही, त्याच्या मालकीवरून भांडण!

तेव्हा घरमालकिणीला काय ऐकू गेलं असेल? ते त्या बाईंवर अवलंबून आहे. त्या साध्या कष्टकरी घरातून वर आलेल्या असतील, तर यॉर्कशरसारख्या भागात ‘पॉश’ म्हणजे ‘तुम्ही आपल्या लोकांना विसरलात, मोठेपणा मिरवता’ असं कानावर पडू शकतं. त्या खरोखर सुखवस्तू असतील, तर ‘तुमचा पैसा दिसतोय’ असं, आणि पैसा दिसणं तिकडे अवघड वाटतं. किंवा दोन्ही नसेल. परदेशी मुलीला चटकन काय उत्तर द्यावं, एवढंच त्यांना सुचलं नसेल. एका गप्प बसण्यावरून फार अर्थ काढू नका. माफी मागायचीही गरज नाही, उलट त्याने अवघडलेपण वाढेल. पुढच्या वेळी तिने घराला ‘लव्हली’ म्हणावं, नाहीतर नेमकं काय आवडलं ते सांगावं, म्हणजे पडदे, बाग, खिडकीतून येणारा उजेड. आणि स्वतःच्या बाबतीत ‘पॉश’ बिनधास्त वापरावा. ‘आज मी जरा पॉश कपडे घातलेत’ असं हसत म्हटलं की तिथे कोणालाच टोचत नाही. स्वतःकडे वळवलेला शब्द बोथट होतो.

ऑफिसातला पॉश हा आणखी तिसराच. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा कायदा, त्याच्या इंग्रजी वर्णनाची ती आद्याक्षरं. म्हणजे बोटीच्या गोष्टीला जे जमलं नाही ते इथे खरंच झालंय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत त्यासाठी अंतर्गत समिती लागते, आणि त्याच्या मागे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे, ज्याने कायदा होण्याआधी असा छळ रोखण्याचे नियम घालून दिले. प्रशिक्षकांना सुरुवातीला काही इतिहास सांगायचाच असेल, तर विशाखाचा सांगायला सुचवा. तो खरा आहे आणि विषयाला धरूनही आहे.

आणि काकांसाठी एक काम देऊन ठेवतो, कारण त्यांचा दावा तपासता येण्यासारखा आहे. १८९० च्या आधीचं, हिंदुस्थानात छापलेलं इंग्रजी लेखन बघायचं: मुंबईचा ‘टाइम्स ऑफ इंडिया’, अलाहाबादचा ‘पायोनियर’, पलटणींची स्थानिक पत्रकं, शिपायांची घरी गेलेली पत्रं. यातला पुष्कळ मजकूर आता स्कॅन झालाय आणि त्यात शब्द शोधता येतो. त्यात चांगल्या कपड्यांबद्दल, किंवा चांगले कपडे घालणाऱ्या माणसाबद्दल, सुटा ‘पॉश’ एकदा जरी निघाला, तारीख आणि पानासकट, तर तो ऑक्सफर्डच्या कोशाकडे पाठवा. ते लोक सामान्य वाचकांनी पाठवलेल्या नोंदी घेतात आणि त्यावरून कोशातली नोंद सुधारतातही. शोधताना स्पेलिंग ‘ओ’ने, ‘ए’ने आणि जोडीला ‘ई’ लावून, असं तिन्ही प्रकारे टाकायला सांगा, कारण त्या काळात साहेब देशी शब्द ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे लिहीत.